एकेचाळीस नंबर

बांबोळीच्या टेकडीवर, दुसऱ्या मजल्यावर,
सकाळी साडेआठला इनक्युबेटरचं दार उघडते
आणि पोदेराची भट्टी आठवते.
खरंच, तोच वास.
सूर घालून रात्रभर फुगलेल्या सान्नांच्या पिठाचा.
लुर्दिना म्हणते, नातेवाईकच गो ते, एका कुळातले.
एक पाव फुगवतं, एक माणसाला छळतं.
नवी मुलं इथे हसतात.

बशीत पांढरे ठिपके उमटलेले असतात,
सायीसारखे जाड, मळकट.
प्रत्येक बशीला नंबर. नाव कुणाचंच नाही.
नाव विचारलं की बायका जिना उतरतात.
कुंकळ्ळीहून कोळंबी सोलणारी आली होती,
पेडण्याची एक शिक्षिका,
आणि एक, जिने नवऱ्याला खाली रिक्षात बसवलं होतं,
त्याला सांगितलं होतं, दाढ दाखवून येते.

प्रश्न तसा साधाच.
वर्षातून चार-चारदा परत का येतं हे?
औषध दिलं की जातं, पुढच्या महिन्यात
चपला काढून पुन्हा घरात.

भोबेबाईंनी फळ्यावर लिहिलं, लॅक्टिक आम्ल.
म्हणजे दह्यातलं.
सांताक्रूझचा चढ चढून पोटऱ्या भरून येतात, तिथलं.
आणि जिथलं आपण बोलत नाही, तिथलंही.
चांगले जंतू ते आम्ल करतात, राखणीला,
असं आम्ही परीक्षेत लिहिलं आणि मार्क मिळवले.

ही बुरशी राखणदाराचाच वास ओळखते.
आंबट लागलं की अंगावर एक थर ओढून घेते,
खालची साखरेची वीण झाकून टाकते,
जी पाहून पांढऱ्या पेशी तिला धरतात, नेमकी ती.
मायक्रोस्कोपखाली पाहिलंय मी.
पेशी आली, अगदी खेटून थांबली,
पुढे गेली.
म्हापशाच्या बाजारात ओळखीच्या बाईने तोंड वळवलं
तर आपण जातो, तशी.

दोन रांगा लावल्या आम्ही.
एकीत आम्ल, एकीत नाही.
(आणि हो, दही बंद करू का असं विचारतात सगळ्या.
नका करू. ताटातलं तिथे पोचत नाही.
हे मी दिवसातून सहादा सांगते,
घरी सासू मात्र मला उष्णतेवर सोलांचं पाणी देते
आणि मी पिते.)

एकेचाळीस नंबरची बशी माझी आहे.
फॉर्मवर लिहिलं, वय छत्तीस, व्यवसाय गृहिणी.
अक्षर डावीकडे झुकवून लिहिलं.
स्वतःचा नमुना स्वतःच पेटीत ठेवला
आणि दुपारी स्वतःच सही करून ताब्यात घेतला.

काल लुर्दिनाने आकडे जुळवले.
"ही बघ," ती म्हणाली, "एकेचाळीस.
सगळ्यांत आधी हीच झाकून घेते.
कसली मुरलेली आहे!
बाईला बोलवूया, नवीन औषध बघता येईल."
फॉर्मवर फोन नंबर होता.
टेबलावरच्या जुन्या फोनवरून तिने तो फिरवला.

वास्कोतल्या एका गॅरेजवाल्याने उचलला.
मागे पत्र्यावर हातोडी वाजत होती.
"चुकीचा लागला," लुर्दिना म्हणाली. "बिचारी."

तो शब्द माझ्या घशात अडकला,
माशाचा बारीक काटा अडकतो तसा, ना आत ना बाहेर.
मी हातमोजे काढले.
हात धुतले, नियमाप्रमाणे, कोपरापर्यंत.
"शेवटी सात नाहीय," मी नळाकडे बघत म्हटलं,
"एक आहे."

तिने पुन्हा फिरवायला घेतला.
नऊ, आठ, दोन, दोन...
मग तिचं बोट थांबलं.
हा नंबर तिला पाठ होता.

रिसीव्हर जागेवर ठेवला.
इनक्युबेटरचं दार नीट लागलंय का ते उगाच पाहिलं,
स्टूल ओढलं माझ्या बाजूला,
आणि आवाज खाली आणून विचारलं,
"किती वर्षं गो?"